टेक सात

चार गोधड्या, दोन गाद्या, आणि चर्चमधल्या
नाताळच्या नाटकाचा जुना मखमली पडदा दाराला ठोकलेला,
एवढा आमचा स्टुडिओ.
शरणपूर रोडच्या मागे, दुसरा मजला, खाली पिठाची गिरणी.
गिरणी नऊला थांबते. फ्रिजचा प्लग मी काढते.
पंखाही बंद. एप्रिलात.
रूफस हेडफोन चढवून म्हणतो, "चल,"
दंतवैद्य "आ करा" म्हणतो तसं.

टेक एक, कुत्रं.
टेक दोन, मी.
तिसऱ्यात वरच्या चांदवडकरांचा खोकला
नेमका समेवर आला. आम्ही हसलो, आणि तोही गेला.
चार, पाच बरे होते. बरे म्हणजे
चूक नव्हती त्यांच्यात, दुसरंही काही नव्हतं.
सहाव्यात तार तुटली, गालाला लागली.

सातव्यात, दुसऱ्या कडव्याआधी,
जिथे मी श्वास घेते तिथे
लांबून, देवळालीच्या बाजूने,
एक तोफ.
त्यांचा सराव रात्रीही असतो कधीकधी.
आवाज मोठा नव्हता. मैलांवर कुणी
भिजलेली गादी अंगणात टाकावी, एवढाच.
मी थांबले नाही. का, ते विचारू नका.
रूफसने पडद्यावर रेघ मोठी करून पाहिली,
माझ्या श्वासाला खेटून एक टेकाड उभं,
थेट चामरलेणीसारखं.
"काढू?"
"राहू दे."

दिवसा मी सातपूरला स्विच तपासते.
ऑन, ऑफ, ऑन, ऑफ,
चाळीस हजार वेळा दाबूनही जो मोडत नाही तो पास.
गाण्याला असं यंत्र नाही.
असतं तर मी कधीच नापास होऊन सुखी झाले असते.

शनिवारी गंगापूर धरणाकडे वायनरीत वाजवलं.
ग्लास काळी दोनमध्ये किणकिणत होते,
माझं गाणं पांढरी चारमध्ये.
तिसऱ्या गाण्याला मॅनेजर वाकला, "मॅडम, जरा ओळखीचं घ्या ना."
कोपऱ्यातल्या टेबलावर कुणी चाळिशीचं झालं,
त्यांना वाढदिवसाचं वाजवून दिलं, दोनदा,
कारण पहिल्यांदा मेणबत्ती विझली नाही.
सगळ्यात जास्त टाळ्या त्याला.
पाकिटात अडीच हजार. रिक्षावाल्याने
अॅम्प्लिफायरचं वेगळं तिकीट लावलं,
"हा माणूस नाही का मग?" म्हणाला.

गाणं बाहेर सोडलं त्याला महिना झाला.
एकशे बारा वेळा ऐकलं गेलं. त्यातली चाळीस मी.
सिन्नरच्या एका मुलीने लिहिलं,
"ताई, दोन मिनिटं चौदा सेकंदांना काय आहे?
माझा स्पीकर फाटलाय का?"
मी बराच वेळ टाइप करत होते, पुसत होते.
शेवटी लिहिलं, "नाही, तुझा स्पीकर चांगला आहे."

मग सिडकोतलं वाचनालय. अठरा खुर्च्या, सात माणसं.
त्यातल्या दोन रूफसच्या मावश्या,
आणि एक गृहस्थ, जे वीजबिल भरायला आले होते,
दार चुकले, बसून राहिले,
बिलाची घडी करून गुडघ्यावर.
दुसऱ्या कडव्याआधी मी श्वास घेतला
आणि थांबले.
मला कळलंच नाही मी कशासाठी थांबलेय.
बोटं तारांवर, तोंड उघडं,
भिंतीवरचा काटा सरकतोय,
एक मावशी पर्स उघडता उघडता थबकलेली,
आणि मी वाट पाहतेय तोफेची.

नंतर ते गृहस्थ जवळ आले.
आवाज खाली करून म्हणाले,
"मधे विसरलात ना? होतं असं."
मी "हो" म्हणाले.
रूफस केबल गुंडाळत होता, अंगठा ते कोपर,
लोकरीसारखी. त्याने वर पाहिलं नाही.
लांब कुठे सराव चालू असेलही.
हॉलमध्ये सहा पंखे होते,
सहाही चालू.