रकाने

आमच्या रजिस्टरात रकाने सात.
तारीख, जात, वजन, मालकाचं नाव, कारण, उपचार,
आणि सातवा,
ज्याच्या डोक्यावर छापायचं छापखानेवाला विसरला.
त्यात मी टिंब देते.
एक टिंब म्हणजे घरी गेलं.
दोन टिंबं म्हणजे नुसतंच गेलं.

फतेपुऱ्यातल्या या जनावरांच्या दवाखान्यात
सोळा वर्षं मी कागद सांभाळते,
आणि रात्री मनहर कंपाउंडर नसला की पायही धरते,
ज्याचे असतील त्याचे.

कारणाच्या रकान्याची रुंदी दोन बोटं.
सगळं तिथे बसवायचं.
स्कूटर. टेम्पो. दुसरे कुत्रे.
'पाचवा मजला, पतंगामागे', ही मांजर,
उत्तरायणाच्या संध्याकाळी,
टाळू मधोमध फाटलेली
आणि तरी माझ्या मनगटात नखं रोवून बसलेली.
'मगर', हा विश्वामित्रीच्या काठचा पांढरा,
मागचा पाय नदीतच ठेवून आला.
'उकळतं तेल' असं एकदाच लिहिलं.
कोपऱ्यावरचं फाफड्याचं दुकान,
रविवारी आम्ही तिथूनच आणतो.
आणायचो.

आणि 'माहीत नाही'. हे सगळ्यात जास्त.
माहीत असतं.
लोक आपल्या चपलांकडे बघत सांगतात.

डॉक्टर गाडेकर फार बोलत नाहीत.
आधी ओठ उचलून हिरडी बघतात,
अंगठ्यानं दाबतात, सोडतात.
पांढरा ठसा उमटतो.
मग मोजायचं, गुलाबी परत यायला किती वेळ.
दोनच्या आत आलं तर बरं.
तीनला मी सलाईन आणायला उठते.
चारला कुणी कुणाकडे बघत नाही.
घरी चहा उकळेपर्यंत
कधीकधी मी माझंच नख दाबून बघते.

परवा, मंगळवारी, रात्री पावणेबाराला
एक रिक्षा आली, हॉर्न न वाजवता.
मागे, शाळेच्या पोरांच्या वॉटरबॅगा टांगायच्या आकड्यांखाली
एक तपकिरी कुत्रा,
तोंडाला मफलर बांधलेला.
दुखणारा जीव चावतो
हे त्या माणसाला उशिरा कळलं असावं,
हातावर चार दात होते.

वजन चौदा किलो सातशे. लिहिलं.
मालक?
रस्त्यावरचा आहे म्हणाला, अकोटा पुलाखाली असतो.
कारण?
बघायला पायात चप्पल नव्हती.
माझ्याकडेच बघून म्हणाला,
"मारी ज रिक्षा, बेन."

पेन तसंच राहिलं हातात.

ओठ. अंगठा. एक, दोन, अडीच.
तोही ओठ हलवत मोजत होता,
काय मोजतोय ते न कळता.

मूत्राशय शाबूत. कंबरेचं हाड तीन ठिकाणी.
डॉक्टर म्हणाल्या, कापायला नको,
पिंजरा, सहा आठवडे,
हाड आपलं आपण बसतं, बसू दिलं तर.
मनहर म्हणाला, आणि ठेवणार कोण?
मालकाचा रकाना रिकामा सोडता येत नाही,
ऑडिटवाला लाल गोल करतो.
"मारुं ज लखो ने."
कनुभाई शनाभाई माछी.
लिहिलं.
पुढच्या घरात लिहिलं 'रिक्षा'. कुणाची ते नाही.
एका ओळीत, शेजारी शेजारी,
दोन्हीकडे तोच बसलेला.

आता रोज दुपारी, शाळा सुटायच्या आधी,
तो दुधात कुस्करलेला रोटला घेऊन येतो,
वाटी आत सरकवतो
आणि भिंतीला पाठ लावून उभा राहतो.
कुत्रा मनहरचा हात चाटतो.
मला पोट दाखवतो, जेवढं वळता येतं तेवढं.
गुरगुरतो फक्त त्याच्यावर.

सातव्या घरात अजून काही नाही.
काल वाटी आत गेल्यावर
गुरगुर जरा उशिरा सुरू झाली.
मी मोजत होते.