काय खाल्लं होतं

रात्री साडेआठला पिकअपमधून उतरवला
चिंतामण भोये, पेठकडचा, वय तेहतीस.
तोंड असं लाल
की आधी वाटलं, कुणी गुलाल लावून आणलाय.
कान पेटलेले. गळ्यापासून छातीपर्यंत
उकडलेल्या खेकड्याचा रंग.
छातीत कुणीतरी उखळात कांडतंय, म्हणाला.
मग ओकला. माझ्या चपलेवर.

काय खाल्लं होतं?
दिंडोरीच्या या दवाखान्यात वीस वर्षं
हे मी नावाच्या आधी विचारते.

टोळी एकदम बोलायला लागली.
मुकादम म्हणाला, दारूवर सुकट, दुसरं काय.
एक म्हातारी म्हणाली, वांगं वातूळ.
कुणी म्हणालं, नऊ दिवस कोरडे काढले
आणि दहाव्याला बसला, देवीनं धरलं.
ड्रायव्हर म्हणाला, मी शेजारीच होतो,
अर्धी क्वार्टरसुद्धा गेली नव्हती.
ते मी ऐकलं नाही.

कारण मला आठवत होते श्रावणातले दोघे भाऊ.
उकिरड्यावरची, शाई गळणारी अळंबी खाल्ली,
दुसऱ्या दिवशी प्याले,
आणि हाच लालपणा, हीच धडधड.
तेव्हापासून मला वाटायचं
ताट आणि ग्लास यांचं भांडण मला कळतं.

"सुकट म्याच भाजली व्हती,"
मागून मंजुळा म्हणाली, त्याची बायको.
भरल्या खोलीत मी तिला सुनावलं.
सलाईन लावलं, पाय उंच केले,
रजिस्टरात लिहिलं: सुकट अधिक देशी.
तिला वाचता येत नाही.
पण मी लिहीत होते तोवर
ती पेनाकडे बघत होती.

चार दिवसांत आणखी तिघे.
एकानं ठेचा-भाकरी खाल्लेली.
एकानं साखरपुड्याची बुंदी.
तिसरा उपाशी.
त्या उपाशाचं मनगट धरलं, नाडीला,
आणि मोजायचीच राहिली.
बोटं गुलाबी.
नखांच्या कडांना, भेगांत,
धुऊनही उरलेलं गुलाबी.

छाटणी झाली की
द्राक्षाच्या काडीवरच्या झोपलेल्या डोळ्यांना
पेस्ट लावतात,
सगळे एका वेळी फुटावेत म्हणून.
कोणता डोळा राहिला ते दिसावं
म्हणून औषधात रंग.
हातमोजे?
दिलेले ना. चार जोड. बावीस माणसांना.

बाटली मागवली. पाठीवर मुंगीएवढं इंग्रजी.
भाच्याला फोटो पाठवला,
त्यानं गंगापूर रोडवरून फोनवर वाचलं:
कामाच्या आधी नको, नंतरही काही दिवस नको,
दारूचा थेंब नको.
"मावशी, ऐकतेस ना?"

काडीला जागं करणारं औषध
माणसाच्या अंगात दारूला मध्येच अडवून धरतं,
फाटक पडल्यासारखं.
मागे सगळं तुंबत जातं.

त्याच रस्त्याला पुढे वायनरी आहे.
शनिवारी पुण्याच्या गाड्या येतात,
लोक ग्लास नाकाशी धरून विचारतात
याच्याबरोबर कोणतं चीज चालेल.
त्यांचाही प्रश्न तसा माझाच.

बागेत जाऊन टोळीला सांगितलं.
ऐकून घेतलं त्यांनी. मग एक जण म्हणाला,
मंग रातच्याला अंग दुखतं त्याला काय घ्यायचं, सिस्टर?
माझ्या पिशवीत गोळ्या होत्या.
मी त्या मोजून दिल्या.

रजिस्टरातली सुकट खोडली.
खोडलेलं दिसतंच.

वणीच्या बाजारात पावशेर घेतली,
पेपरात बांधलेली. एसटीत लोक सरकून बसले.
मंजुळाच्या पालावर नेऊन दिली.
चुकलं माझं, असं म्हणायचं होतं.
म्हणाले, ताजी आहे.

तिनं पुडी हुंगली. तवा ठेवला.
"खाल ना आमच्यात?"
मी खाली बसले.
"हात धुवा आधी,"
म्हणाली, आणि लोटी उचलून
गुलाबी बोटांनी
माझ्या हातांवर पाणी ओतलं.