नारिंजे

आत्याला आमच्यात हाला म्हणतात.
मुकद्देस हाला तळघरात पूर्ण उतरली नाही,
शेवटून दुसऱ्या पायरीवर टेकली.
आत आले असंही नको, आणि आले नाही असंही नको.

तुर्गायने बाटली उघडली.
बूच निघालं तेव्हा तिचे ओठ हलले,
काय पुटपुटली ते मी विचारलं नाही.

मळा कागदावर तुर्गायचा.
पण चाळीस वर्षं, मे महिना लागला की
या वेलींच्या अंगाखांद्यावर हात तिचेच.
शेंड्यापासून तिसरं पान, चौथं पान,
तळव्याएवढं, लव नसलेलं,
उन्हात धरलं तर पलीकडून बोटं दिसावीत इतकं पातळ.
गड्डीवर गड्डी, मग पिंप, मग मीठ.
तोकातच्या बाजारात तिच्या पानांना नाव होतं.
पानांवर तिने दोन मुली उजवल्या.
द्राक्षं?
द्राक्षं पाखरांची.

मग हा शहरातून शिकून आला.
म्हणाला, हाला, येशिलइर्माककडच्या चार ओळी सोड,
पानंच खुडलीस तर घडात गोडी उतरणार कुठून?
ती म्हणाली, पान टाकून काडी कोण चघळतं रे?
पण भावाचा मुलगा. सोडल्या.
त्या उन्हाळ्यात मी तिला पाहिलंय
त्या ओळींपाशी येऊन थबकताना,
हात पाठीमागे बांधून,
परक्या घरी मांडलेल्या ताटापुढे
शहाणं मूल उभं राहतं तशी.

पहिला ग्लास माझा.
रंग वाळल्या गवताचा, कडेला जरा हिरवट.
नाकाशी आधी आयवा आली,
इथल्या बायका थंडीत कपड्यांच्या घड्यांत ठेवतात ते पिवळं फळ,
मग लिंबाची साल,
मग काहीतरी ओलं, दगडाचं.
घोट घेतला. जिभेच्या कडा आवळल्या,
मध्ये मात्र मऊ, लोण्याची आठवण यावी इतपत.
तुर्गाय माझ्या तोंडाकडे बघत होता.
मी म्हटलं, चांगली आहे.
दोन वर्षांच्या कामाला दोन शब्द.

"आण इकडे," पायरीवरून हाला.
आम्ही दोघंही जागचे हललो नाही.
"पिणार नाहीये. नाकाला कुठे मनाई आहे?"

तिने ग्लास दोन्ही हातांत धरला, गरम दूध धरावं तसा.
डोळे मिटले. बराच वेळ.
मिठाने पेरांना पडलेल्या जुन्या चिरा
काचेतून मोठ्या दिसत होत्या.
"पॉपलरजवळची ओळ," ती म्हणाली.
"तिथे सकाळचं ऊन उशिरा पोचतं."
तुर्गायने तोंड उघडलं, आणि मिटलं.
चारही ओळींचा रस एकाच टाकीत होता,
खरं-खोटं करणार कोण?

मग ती हिशेबाला लागली.
एका वेलीची पानं इतकी, किलोचा भाव इतका,
बाटलीमागे वेल किती रे? एक? बरं.
"म्हणजे हा पेला माझ्या अर्ध्या बरणीचा."
तक्रार नव्हती. तराजूवरचा आकडा वाचावा
तसं वाचलं तिने.

नारिंजे म्हणजे नाजूकसं, जपून धरावं असं.
वेलीला हे नाव कुणी दिलं ते ठाऊक नाही,
पान खुडणारीनेच दिलं असणार.

ग्लास माझ्या हाती देऊन ती उठली,
गुडघ्यावर हात ठेवत जिना चढली,
आणि वरून, अंधारातून म्हणाली,
"मीठ कमी पडलंय."

तुर्गाय मोठ्याने हसला.
मी ग्लास दिव्यापाशी नेला.
काठाच्या आतल्या बाजूला
एका बोटाचा ओला ओघळ
अजून खाली येत होता.