पुन्हा पाडून दाखवा

रात्री अकरा चाळीसला पडदा काळा झाला.
वर पांढरी अक्षरं, खाली अजून अक्षरं,
आणि कीबोर्डवरचा एकच दिवा
उघडझाप, उघडझाप.
पंपाचा दांडा अर्धा कापलेला,
टूल त्याच्या अंगात रुतून.

मालक म्हणाले, बंद करून चालू कर की.
उद्यमबागेत सगळे हेच करतात.
वर्षभर मीही हेच केलो.

या वेळी मोबाईल काढून पडद्याचा फोटो घेतलो.
काचेत ट्यूबलाईट, कोपऱ्यात माझा अंगठा.
सत्तावीस ओळी :
कोण कुणाला हाक मारला,
तो पुढं कुणाला,
आणि शेवटचा कुठल्या रिकाम्या पत्त्यावर जाऊन
दार ठोठावत मेला.
पंचनामाच तो,
मेलेल्याच्या स्वतःच्या अक्षरात.

अनगोळच्या खोलीवर बसून कळवायला घेतलो.
पहिल्या मसुद्यात नुसता राग.
तुमच्यापायी दोन दांडे भंगारात गेले, असं लिहिलो.
मग खोडलो.
फुकट देतात बिचारे, झोप मोडून.
आवृत्ती लिहिलो, बोर्डाचा नंबर,
केबल किती फूट, कुठं वाकलेली.
इंग्रजी शब्द शोधता शोधता
दूधवाल्याची बेल वाजली.

चार दिवसांनी मिलोश नावाच्या कुणाचं उत्तर.
फोटो वाचला, आभार.
पुन्हा पाडून दाखवता येईल का?

असं विचारणारा जन्मात पहिलाच माणूस.
पडलेलं उभं कर म्हणणारेच सगळे आजवर.
हा म्हणतो, नीट पाड. कसं पाडलास ते सांग.

तीन रात्री वहीत वेळा मांडलो.
तिसऱ्या रात्री कळलं, दोष भिंतीपलीकडून येतोय :
महांतेशची भट्टी करंट ओढते,
आमचे दिवे डोळा मारतात,
आणि पापणी लवेपर्यंत
केबलीचा हात सुटतो.

मधल्या भिंतीला खिडकी नाही. फोनवरच सगळं.
‘हच्चला?’
‘हच्चु!’
पडलं.
‘इन्नोम्मे?’
पडलं.
दहातून नऊदा पडलं.
एकदा का नाही पडलं, मला ठाऊक नाही,
तेही लिहिलो.

मग मिलोश म्हणाला, शेवटचं चांगलं कुठलं होतं?
चांगल्यात आणि वाईटात अकरा हजार बदल.
मधला घे. चालव. पाड.
पडला तर अलीकडं शोध, टिकला तर पलीकडं.
पुन्हा अर्धं. त्याचं अर्धं.
चौदा रात्री.
पंधराव्या दिवशी हातात एकच ओळ उरली.

आमच्या भागात रेघ नेमकी कुठं
यावर माझ्या आज्यापासून कागद फिरतायत.
इथं रेघ सापडली
आणि एकही दुकान बंद झालं नाही.
ती ओळ लिहिलेला माणूसच दुसऱ्या दिवशी म्हणाला,
चूक माझी, आज दुरुस्त करतो.
मी ते वाक्य मालकांना वाचून दाखवलो.
ते म्हणाले, असं लेखी देतात व्हय?

दुरुस्तीखाली कळवणाऱ्याचं नाव लागतं म्हणे.
तुमचं कसं लिहू?
शाळेच्या दाखल्यावर एक आहे, रेशनवर दुसरं,
आईच्या तोंडी नुसतं भरमू.
एका रात्रीत ठरवता येईना.
शेवटी भरमाण्णा हलगेकर कळवलो,
आणि खाली महांतेशचं.
मी काय केलो रे, तो म्हणाला.
भट्टी कोण पेटवला?

पुण्याहून सर्व्हिसला येणारी पोरं हसतात :
केलो नव्हे हो, मी केलं.
असेल.
पण त्यांच्या ‘केलं’मध्ये करणारा दिसत नाही,
आमच्यात तो शेपटीला धरून सापडतो.
मी पाडलो. नऊदा. वेळेसकट.

काल रात्री दिवे परत डोळा मारले.
हात आपोआप मोबाईलकडं गेला.
पडद्यावर आकडे चालूच,
दांड्यावरून निळसर तार सुटत होती,
गरम.
थोडा वेळ तसाच उभा राहिलो
मोबाईल धरून.