छटा ए साडेतीन

कोपरीत, मिठाईच्या दुकानावर, पहिला मजला.
मी कवळ्या बनवते.
एकोणीस वर्षं.
मेण, प्लास्टर, गुलाबी भुकटी,
मग साचा गरम पाण्यात शिजायला टाकायचा
आणि दीड तास
कुणाच्या तरी जबड्याची वाट पाहायची.

त्या दीड तासात हे वेड लागलं.
भाचा लॅपटॉप टाकून कोइमतूरला गेला.
वायर लावली तरच चालतो,
मोठे खेळ त्याला पेलत नाहीत,
म्हणून मला छोटेच भेटले.

एकात आपण किडा असतो.
कचेरीतल्या प्रत्येक ट्यूबलाइटवर एकदा बसायचं, बस्स.
एकात घड्याळाला चावी द्यायची;
उशीर झाला की ते रुसतं,
मुद्दाम चुकीची वेळ सांगतं.
आणि एक तर सुरू व्हायच्या आधीच माफी मागतो :
सगळे आवाज मी तोंडाने काढलेत,
कुत्र्याचा जमला नाही.
खरंच नाही जमला.
मी तो कुत्रा तीनदा ऐकला.

शेवटी नावं येतात.
गोष्ट, चित्रं, संगीत, आकडेमोड
एकच माणूस, पायरी पायरी खाली उतरत.
मग, चाचणी : आई.

असाच एकदा होडीवाला सापडला.
खाडी, भरती, एक म्हातारा.
लोक काहीही पलीकडे न्यायला देतात :
कपाट, मुका बेंजो,
बंद फ्रिज, आत एकच लिंबू.
लिंबू घरंगळलं की होडी कलते.
काठाला लागलो की म्हातारा हसतो.

तिथेच माझं डोकं फिरलं.
वरचे पटाशीचे दात पाच.
पाच!
बरोब्बर नाकाखाली एक दात,
देवळाच्या ऐन दारात खांब रोवावा तसा.

रात्री झोप येईना. उठून लिहिलं :
खेळ छान. लिंबू फारच छान.
पण पटाशीचे दात चार असतात.
चेहऱ्याची मधली रेघ दोन दातांच्या फटीतून जाते,
दातावरून नाही.
आणि मशेरी लावणाऱ्या माणसाचे दात इतके पांढरे?
छटा ए साडेतीन घ्या.
विशाखा रेवाळे, कोपरी.

पावणेतीनला उत्तर.
ओजस मढवी, घणसोली गावठाण.
म्हणजे खरोखरच्या खाडीपलीकडे.
तुम्ही अकराव्या, म्हणाला.
आधीच्या दहा जणांनी तोंडात पाहिलंच नाही त्याच्या.
आजा आहे माझा.
फोटो एकच, त्यात तोंड मिटलेलं.
दात मी मनानेच काढले.

मी विचारलं, गिऱ्हाइकाच्या घरच्यांना विचारते तसंच :
हसायचे कसे?

दोन दिवस काही नाही.
मग एक ओळ.
डावीकडून आधी. आत्याला विचारलं.

बारा दिवसांनी नवा म्हातारा आला.
डावीकडून हसतो.
सुळ्याच्या जागी फट,
बाकीचे चहात बुडवून काढल्यासारखे.
फट मी सांगितली नव्हती.
आणि शेवटी
ओजस मढवी, ओजस मढवी, ओजस मढवी,
चाचणी : आत्या,
दात : विशाखा रेवाळे.

किती तोंडं भरली असतील आजवर.
वर्तकनगरात, कळव्यात, लग्नात, मयतीत
माझे दात हसताहेत, भांडताहेत, पान खाताहेत,
नाव डॉक्टरांचं.
तक्रार नाही. रीतच आहे तशी.

पण मी खेळ परत पहिल्यापासून लावला.
नाव बघायला नाही.
बरं, नाव बघायलाच.
या वेळी लिंबू घरंगळू दिलं नाही,
आणि ऐन मध्यावर, भर भरतीत, टायमर वाजला :
विटाव्याच्या गोवारीकाकांचा खालचा जबडा.
रविवारी त्यांना चणे खायचेत.

म्हाताऱ्याला म्हटलं,
थांब जरा.