हेलुनाची वार

मंगळवारी पहाटे व्याली. आज गुरुवार.
वार अजून तशीच लोंबते आहे
भिजल्या दोरखंडासारखी, गुडघ्याच्या खाली,
आणि टाउनो दारात उभा, टोपी हातात,
जणू मी त्यालाच तपासायला आले आहे.

सोन्कायार्वीच्या अलीकडे रस्त्यावर बर्फ होतं,
ऑक्टोबरातलं, टिकायचं की नाही न ठरलेलं.
गोठ्यात मात्र ऊब. अकरा गाई,
आणि एक रेडिओ, कुणी न ऐकता हवामान सांगणारा.

मी विचारते. माझं निम्मं औषध विचारणं,
उरलेलं निम्मं थांबणं.

कितवं वेत?
पाचवं.
जुळं?
तो कोपऱ्याकडे बोट करतो. पेंढ्यात दोन डोकी,
एक गोऱ्हा, एक कालवड.
(भावासोबत एका पोटात वाढलेली ही कालवड
बहुधा कधीच गाभण राहणार नाही.
हे मी आज सांगत नाही.)
दिवस भरले होते?
अकरा कमी.
ओढावं लागलं?
दुसऱ्याचे पाय मागं वळलेले. मी एकटाच होतो.

क्षारांचं पोतं?
संपलं. जूनमध्येच.
इथल्या मातीत सेलेनियम मुळातच तोकडं,
हे त्याला ठाऊक आहे.
पोती केर्त्तु मागवायची.
वहीत तिचं बारीक अक्षर चौदा मेला थांबतं.
पुढची पानं कोरी नाहीत,
पण त्यांवर नुसते आकडे.

मग मी कण्यावरून हात फिरवत
शेपटीच्या मुळाशी येते.
जिथं हाड लागायला हवं तिथं बोट रुततं.
भाकडकाळात काय घालत होतास?
नेहमीचंच.
आणि?
रेडिओ म्हणतो, उत्तरेकडे उणे नऊ.
थोडं जव. रात्रीचं. हातानं.
किती?
तो मूठ उघडून दाखवतो, रिकामी, फावड्याएवढी,
मग जरा थांबून दुसरीही.
झोप येत नाही, म्हणतो,
आणि ती जागी असते.

पंचवीस वर्षं मी ही कारणं पाठ म्हणते आहे,
जुळं, ओढाताण, अपुरे दिवस,
उतरलेलं कॅल्शियम, वाढलेलं वय.
लाड असं कारण कुठल्या पुस्तकात नाही.
ते लठ्ठपणाच्या रकान्यात जातं.

बाप वारेला जुना बूट बांधायचा, टाउनो सांगतो,
वजनानं पडेल म्हणून.
एकदा मायांगच बाहेर आलं.

ओढू नकोस. मी जमिनीला लोळणारं तेवढं कापते,
आत हात घालत नाही.
जिथं चिकटली आहे तिथं ती कुजेल, सुटेल,
आठ दिवस, दहा. वास येईल.
रोज सकाळी ताप बघ,
साडेएकोणचाळीसच्या वर गेला तर फोन कर,
मध्यरात्र असली तरी.
तोवर काय द्यायचं?
तोवर काही नाही.

हे त्याला जड जातं.
द्यायची सवय लागलेला हात
तो खिशात घालतो, काढतो, पुन्हा घालतो.
चीक? मी विचारते, विषय बदलायला.
सगळा वासरांना. भट्टीतला खरवस
तिलाच जमायचा.

दाराशी दोन खुंट्या. एकीवर त्याचा डगला,
दुसरीवर एक निळा, लहान मापाचा,
बाहीला पेंढ्याची काडी.
मी हात धुते. कोपरापर्यंत, बराच वेळ.

पुढच्या शुक्रवारी फोन.
पडली.
ताप?
नाही.
खाते?
खाते. बर्चखाली पुरली. वरची माती गोठलेली,
पहार लागली.
मग तिकडून नुसता रेडिओ.
जव, तो शेवटी विचारतो, आता चालेल?
आता दुधात आहे ती. आता हवंच.
पण मोजून दे, टाउनो.

मोजून, तो म्हणतो,
आणि फोन ठेवत नाही.