किती पीस?

सकाळी अकरा ते रात्री नऊ
मी ट्रायल रूमच्या तोंडाशी उभी.
किती पीस, मॅडम?
तीन.
हा घ्या तीनचा बिल्ला.
आत तीन गेले की बाहेर तीन यायला हवेत,
नाहीतर पगारातून.

खुर्ची नाही.
खुर्ची दिसली की माणूस बसतं, पडवळ सर म्हणतात,
आणि बसलेलं माणूस हसत नाही.
हसण्याला मार्क आहेत.
महिन्यातून एकदा कुणीतरी गिऱ्हाईक बनून येतं,
दोन कुर्ते घालून बघतं, काही घेत नाही,
आणि लिहून जातं :
हेमांगी. चेहरा थकलेला.

फोन लॉकरमध्ये.
दुपारी दोनला आईची गोळी.
आई गोळी घेते, घेतली हे विसरते, पुन्हा घेते.
म्हणून निघताना मी डबीत एकच ठेवते,
बाकीच्या कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये.
समोरच्या पाटकर काकू डोकावतात.
तू काळजी करू नकोस ग, म्हणतात.
मी काळजी करत नाही.
मी फक्त मोजते.

हे मोजणं घरी कधी आलं, कळलं नाही.
कन्नमवार नगरच्या आमच्या जिन्याच्या पायऱ्या,
दोरीवरचे चिमटे,
सुजयच्या क्लासचे राहिलेले हप्ते,
तुझे बाबा कुठे गेलेत, हे आईनं आज कितींदा विचारलं.
परवा पोळ्या वाढताना तोंडातून गेलं,
किती पीस?
सुजय हसला.
आईनं मात्र शहाण्यासारखी दोन बोटं दाखवली.

रात्री डोळे मिटले की पडदे सरकतात,
बाया आत जातात, जातच राहतात,
बाहेर कुणी येत नाही.
हातातले बिल्ले संपतात.
मग मी उठून आईचा श्वास बघते.

बुधवारी फारसं कुणी नव्हतं.
शेवटच्या, सात नंबरच्या खोलीत गेले,
कडी लावली.
तिथे स्टूल आहे. मखमली.
बायकांना पर्स ठेवायला.
बसले.
तीन बाजूंना आरसे, तिन्हींत मी,
तिघींनीही मान वर केली नाही.
वाटलं होतं, रडू येईल.
नाही आलं.
पाय तेवढे ठणकत होते,
लांबच्या कुण्या नातेवाइकाचे असावेत तसे.

टकटक.
दाराखालून नसरीनचे बूट दिसले,
कंपनीचे काळे, डावी टाच झिजलेली.
तिच्या घरी दम्याचा मुलगा, सासरा अंथरुणात.
आम्ही एकमेकींना कधी काही विचारत नाही.
आज तिनं विचारलं,
हळूच, कामाच्याच आवाजात :
किती पीस?

मी खूप वेळ मोजत राहिले.
माहीत नाही ग, म्हटलं.

दाराखालून एक बिल्ला आत सरकला,
आकडा पार पुसून गेलेला.
बस पाच मिनिटं, ती म्हणाली,
मी उभी आहे.